मेंदूची साल आणि हरपलेली वाचा



तेरढोकी हें नांव ज्याच्या कानावर आलें नाहीं असें मराठी घर विरळा. आज तेर आणि ढोकी हीं धाराशिव जिल्ह्यांतील दोन वेगळीं गांवें आहेत. तेर म्हणजे तेरणेच्या कांठचें प्राचीन तगर. ढोकी म्हणजे आगगाडीचें स्थानक आणि साखर कारखाना असलेलें बाजाराचें गांव. पण कीर्तनकारांच्या तोंडीं दोन्ही नांवें जोडूनच येतात, कारण तें गोरोबाकाकांचें ठिकाण. त्यांच्या घरीं संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईनें थापटण्याकडे बोट दाखवून हें कशाचें साधन म्हणून विचारलें. यानें मडकें कच्चें कीं पक्कें तें कळतें, असें गोरोबांनीं सांगितलें आणि तेंच थापटणें एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलें. बाकीचे संत निमूट बसले. नामदेव रागावले, आणि तेवढें मडकें कच्चें ठरलें. ही कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे.

कथेचा रोख अध्यात्माकडे आहे, शरीरशास्त्राकडे नव्हे, हें मी जाणतों. तरी पण बाहेरून ठोकून आंतलें कळावें ही इच्छा वैद्यांनाही फार काळ होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस गाल नांवाच्या एका वैद्यानें व्हिएन्ना शहरीं असें शास्त्रच काढलें कीं, कवटीवरील उंचवटे चांचपून माणसाचा स्वभाव सांगतां येतो. युरोपांत आणि अमेरिकेंत त्याचा बराच बोलबाला झाला. शेवटीं तें शास्त्र खोटें ठरलें, आणि खोटें ठरलें हें उत्तम झालें. परंतु त्या भुसांत एक दाणा होता. मेंदू हा एकजिनसी गोळा नसून त्याच्या निरनिराळ्या जागीं निरनिराळीं कामें चालतात, हें गालचें म्हणणें पुढें खरें निघालें. तें खरें कसें ठरलें, आणि त्याचा आपल्या घरांतील आजाऱ्याशीं काय संबंध, हें आज सांगावयाचें आहे.

कवटी उघडली म्हणजे प्रथम दृष्टीस पडतो तो मोठ्या मेंदूचा बाहेरचा थर. अक्रोडाच्या गराप्रमाणें त्यावर वळ्या आणि खांचा असतात. परिभाषेंत त्यास प्रमस्तिष्काचें बाह्यक म्हणतात. आपण त्यास मेंदूची साल म्हणूं. साल म्हटली तरी ती टाकण्याची वस्तु नव्हे. फळाच्या उलट येथें बहुतेक रस सालींतच आहे. तिची जाडी दोन ते चार मिलिमीटर, म्हणजे पातळ भाकरीइतकी. पसरली तर ती मोठ्या हातरुमालाएवढी, अंदाजें दोन हजार चौरस सेंटिमीटर भरेल; कवटींत मावावी म्हणून तिला चुण्या पडलेल्या आहेत, आणि तिचा सुमारें दोनतृतीयांश भाग त्या खांचांतून दडलेला असतो. एवढ्याशा थरांत सुमारें १६०० कोटी मज्जापेशी आहेत. सबंध मेंदूचें वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराच्या एकंदर खर्चांतील वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. घरांतील असा खर्चिक माणूस उपाशी ठेवला तर फार वेळ टिकत नाहीं. ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी, कारण पुढें तिच्यावरच सर्व येऊन ठेपणार आहे.

सालीच्या मागच्या टोकास दृष्टीचें काम चालतें, कानाजवळच्या भागांत ऐकण्याचें. माथ्यावरून दोन्ही कानांकडे उतरणारी एक खोल खांच आहे. तिच्या पुढल्या पट्टींतून अवयवांना हलण्याच्या आज्ञा सुटतात, मागल्या पट्टींत स्पर्शाच्या वार्ता येऊन पोंचतात. डाव्या मेंदूचा अंमल उजव्या अंगावर आणि उजव्याचा डाव्या अंगावर. ही अदलाबदल निसर्गानें कां केली याची समाधानकारक उपपत्ति माझ्या वाचनांत नाहीं, पण अनुभव पक्का आहे. १८७० सालीं फ्रिच आणि हिट्झिग या दोघां जर्मन वैद्यांनीं कुत्र्याच्या सालीवर सौम्य वीजप्रवाह सोडला आणि विरुद्ध बाजूचा पाय हललेला दाखविला. पुढें कॅनडांतील माँट्रियल येथें वाइल्डर पेनफील्ड यानें माणसांवर हेंच काम केलें, तेंही माणूस जागा असतां. मेंदूस स्वतःस वेदना होत नाहींत. कातडी बधिर केली म्हणजे रोगी शस्त्रक्रिया चालू असतां डॉक्टराशीं बोलूं शकतो. एका जागीं सुईसारखें विद्युदग्र टेकवलें कीं रोगी सांगे, अंगठ्याला मुंग्या आल्या. थोडें सरकवलें कीं ओठाला. अशा शेंकडों रोग्यांवरून पेनफील्डनें सालीवर शरीराचा नकाशा काढला. याच पेनफील्डच्या हाताखालीं शिकून आलेले डॉ. जेकब चांडी यांनीं १९४९ सालीं वेलोर येथें मेंदूच्या शस्त्रक्रियेचा आपल्या देशांतील पहिला विभाग उघडला.

त्या नकाशांतील प्रमाणें मोठीं चमत्कारिक आहेत. पाठीला आणि मांडीला चिंचोळी जागा. ओठ, जीभ आणि अंगठा यांना ऐसपैस. जमीन मोजून दिली नाहीं, काम पाहून दिली. शिवाय ती मोजणी कायमची नव्हे. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तंतुवाद्यें वाजविणाऱ्यांच्या डाव्या बोटांची जागा इतरांहून मोठी आढळली. कुंभाराच्या अंगठ्याचें कोणीं मापलें आहे असें मला ठाऊक नाहीं. मापलें तर तेथेंही लहान निघूं नये!

आतां वाचेकडे वळूं. १८६१ च्या एप्रिलांत पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयांत लबोर्न नांवाचा रोगी पॉल ब्रोका या शस्त्रवैद्याच्या हाताखालीं आला. एकवीस वर्षें तो तेथेंच होता. कांहींही विचारा, त्याच्या तोंडून एकच अक्षर निघे : 'तां'. बहुधा दोनदां, 'तां तां'. म्हणून रुग्णालयांत त्याचें नांवच तें पडलें. उजवें अंग लुळें पडलेलें. परंतु दुसऱ्याचें बोलणें त्यास समजे, आकड्यांचीं उत्तरें तो डाव्या हाताचीं बोटें उघडून देई, आणि फारच चिडला म्हणजे एक सबंध शिवी स्पष्ट बाहेर पडे. तो थोड्याच दिवसांत वारला. ब्रोकानें मेंदू काढून पाहिला. डाव्या बाजूस, पुढच्या भागांत, कपाळाच्या कडेशीं सालीचा एक तुकडा नष्ट झालेला होता. आणखी रोगी पाहिल्यावर १८६५ सालीं त्यानें सांगून टाकलें कीं, आपण बोलतों तें डाव्या मेंदूनें. उजव्या हातानें काम करणाऱ्या शंभरांतील सुमारें पंचाण्णव माणसांच्या बाबतींत हें आजही खरें आहे, डावऱ्यांतही बहुतेकांच्या.

लबोर्नचा मेंदू पॅरिसमध्यें जपून ठेवलेला आहे. ब्रोकानें तो कापला नव्हता. २००७ सालीं त्याचीं चुंबकीय छायाचित्रें प्रसिद्ध झालीं, तेव्हां जखम सालीखालीं खोलवर, एका भागास दुसऱ्याशीं जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली दिसली. म्हणून या जागांस औषधांच्या कपाटांतील खणांसारखें समजूं नये, कीं हा खण वाचेचा आणि तो स्मृतीचा. तीं रेल्वेचीं जंक्शनें आहेत. कुर्डुवाडी बंद पडली तर गाडी ढोकीसही अडते, पण म्हणून ढोकीचें स्थानक मोडलें असें होत नाहीं.

मराठी माणसास ब्रोकाच्या जागीं इजा झाली म्हणजे काय होतें? बोलणें अडखळतें, एकेक शब्द ओझें उचलल्यासारखा निघतो, आणि पहिल्यानें गळतात ते प्रत्यय. इंग्रजींत शब्द पुष्कळदां उघडाच उभा असतो. आपल्या भाषेंत तो प्रत्ययावांचून घराबाहेर पडत नाहीं. रोगी म्हणतो, 'सून... पाणी... नाहीं.' आतां सुनेनें पाणी दिलें नाहीं, कीं सुनेला पाणी मिळालें नाहीं? सारा अर्थ त्या 'नें' आणि 'ला' यांत होता, आणि तेच गळले. (एवढ्यावरून घरांत भांडण पेटूं शकतें.) जुन्या तारेच्या मजकुरासारखें हें बोलणें असतें, तारखातें २०१३ सालीं बंद झालें, तरी ज्यांनीं तारा पाहिल्या आहेत त्यांना कल्पना येईल. हा माणूस आंतून शाबूत असतो. काय म्हणावयाचें तें त्यास ठाऊक असतें, आपली चूक त्यास कळते, आणि म्हणूनच तो रडतो वा चिडतो. अशा वेळीं घरांतील मंडळी त्याच्या देखत म्हणतात, "आबांना आतां कांहीं समजत नाहीं." आबांना तें वाक्य बहुधा समजलेलें असतें.

याच्या उलट दुसरा प्रकार. १८७४ सालीं कार्ल वेर्निके या तरुण जर्मन वैद्यानें दाखविलें कीं, डाव्या कानाच्या मागल्या अंगास सालीस इजा झाली तर वाणी अस्खलित राहते पण तिच्यांतील अर्थ निघून जातो. रोगी भरभर बोलतो, चढउतार ठीक, प्रत्ययही जागच्या जागीं, पण शब्द भलते किंवा कोणत्याच भाषेंत नसलेले. दुसऱ्याचें बोलणें त्यास कळत नाहीं आणि आपलें बिघडलें आहे याचीही जाणीव नसते. बहुधा हातपायही धड असतात. काल रात्रीं जेवून निजलेले गृहस्थ सकाळीं असें बोलूं लागले म्हणजे लोक त्यास वेड म्हणतात किंवा बाहेरची बाधा. मग देवर्षी, अंगारा, गंडा, आणि या धांवपळींत तो दिवस जातो. मला विचाराल तर पक्षाघाताच्या सर्व रूपांत हें अधिक घातक. तें रोगाच्या तीव्रतेमुळें नव्हे, तर हा पक्षाघात आहे हें कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं म्हणून.

वाचा गेलेल्या पुष्कळ रोग्यांना गातां येतें. पाणी मागण्यास शब्द सुचत नाहीं, पण पाठ असलेला अभंग चालीवर लागला कीं ओळीच्या ओळी येतात. एक, दोन, तीन असे आंकडे ओळीनें म्हणतां येतात, वारांचीं नांवें येतात. हा चमत्कार नव्हे. चालीचें आणि वर्षानुवर्षें घोकलेल्या मजकुराचें काम केवळ डाव्या मेंदूच्या त्या जागांवर विसंबून नसतें. १९७३ सालीं बोस्टन येथील वैद्यांनीं यावरूनच एक उपचारपद्धति बसविली : साधें वाक्य आधीं ठेक्यावर व चालींत म्हणवून घ्यावयाचें, डाव्या हातानें ताल धरावयाचा, आणि हळूहळू चाल काढून घेत बोलण्यावर यावयाचें. सर्वांस ती लागू पडते असें नाहीं. परंतु ज्या मुलखांत हरिपाठ लहानपणींच पाठ होतो तेथें ती करून पाहण्यास भांडवल घरचेंच आहे.

दोन भाषा जाणणाऱ्यांचें काय? ढोकीचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता; शेजारची बार्शी इंग्रजांकडे. त्या पिढीचे धाराशिवकडील शिकलेले लोक घरीं मराठी बोलत आणि शाळाकचेरींत उर्दू लिहीत. असल्या माणसाची वाचा गेली तर आधीं कोणती भाषा परत येईल? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिबो या फ्रेंच पंडिताचें मत पडलें कीं जी आधीं शिकली ती. पीत्र याचें मत, जी रोग होईपर्यंत अधिक वापरांत होती ती. दोघांच्याही बाजूनें रोगी सांपडले आहेत आणि दोघांच्याही विरुद्ध. बहुतेकांच्या बाबतींत दोन्ही भाषा सारख्याच बिघडतात आणि बरोबरच सुधारतात. तथापि एखाद्या वृद्धाच्या तोंडून मराठी न येतां अकस्मात् उर्दू शब्द आला तर त्यास भ्रम झाला असें समजूं नये. तोच धागा धरून पुढें बोलावें.

वाचा हा डाव्या मेंदूचा प्रांत; उजव्याच्या इजेनें होतें तें याहून विलक्षण आहे. माणूस चांगला बोलतो, पण डावी बाजू म्हणून कांहीं जगांत आहे हेंच विसरतो. ताटांतील उजवीकडची भाजी खातो, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. दाढी अर्धीच करतो. सदऱ्याची डावी बाही घालावयाची राहते. डोळे ठीक असतात. लुळा डावा हात समोर धरला तर हा माझा नव्हे, असेंही म्हणतो. १९७८ सालीं मिलान शहरांतील दोन संशोधकांनीं अशा रोग्यांस सांगितलें : आपल्या शहरांतील मोठ्या देवळाच्या चौकांत उभे आहांत असें मनांत आणा आणि काय काय दिसतें तें सांगा. देवळाकडे तोंड केलें आहे अशी कल्पना केली तेव्हां त्यांनीं उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हटलें, आतां चौकाच्या दुसऱ्या टोकाला, देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहा. तेव्हां मघाशीं गाळलेल्या सगळ्या इमारती आल्या आणि मघाच्या गळाल्या! ढोकीच्या एखाद्या गृहस्थास स्थानकाकडे तोंड करून आणि मग पाठ करून बाजाराची वाट आठवावयास सांगितली तर हाच प्रकार होईल. स्मृति संपूर्ण होती. तिच्या डाव्या बाजूकडे लक्ष जात नव्हतें. अशा माणसास घरचे लोक हेंगाडा किंवा हट्टी म्हणतात.

दृष्टीच्या भागाचा नकाशा आपल्याला युद्धानें मिळवून दिला. १९०४-०५ च्या रूस-जपान युद्धांत नव्या बंदुकांच्या बारीक व वेगवान गोळ्या डोक्यांतून आरपार जात आणि शिपाई जगे. तात्सुजी इनोऊये या जपानी नेत्रवैद्यानें गोळी कोठून शिरली, कोठून निघाली आणि दृष्टीचा कोणता तुकडा गेला हें मोजून १९०९ सालीं तो नकाशा छापला. पहिल्या महायुद्धांत गॉर्डन होम्स यानें तो आणखी सुधारला. डोळे निरोगी असून दिसत नाहीं, असें होऊं शकतें हें त्यावरून कायमचें सिद्ध झालें. याच्याच शेजारीं, सालीच्या खालच्या अंगास, चेहरे ओळखण्याची जागा आहे. तेथें इजा झालेला माणूस बायकोस पाहून ओळखीत नाहीं, आवाज ऐकला कीं तत्काळ ओळखतो.

कपाळामागच्या सालीविषयीं बोलतांना फिनिअस गेज याचें नांव टाळतां येत नाहीं. १३ सप्टेंबर १८४८ रोजीं अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांत रेल्वेच्या मार्गासाठीं खडक फोडतांना सुरुंग अवेळीं उडाला आणि साडेतीन फुटांहून लांब पहार त्याच्या गालांतून शिरून माथ्यांतून बाहेर पडली. तो मेला नाहीं. बोलत चालत गांवीं आला. पण पुढें त्याच्या डॉक्टरानें लिहून ठेवलें कीं, पूर्वीचा मेहनती, विचारी मुकादम आतां शिवराळ, लहरी आणि एका बेतावर न टिकणारा झाला होता. पाठ्यपुस्तकांत गोष्ट येथेंच थांबते. मला तें अपुरें वाटतें. गेज त्यानंतर सुमारें साडेअकरा वर्षें जगला, आणि त्यांतील कित्येक वर्षें चिली देशांत घोडागाडी हांकण्याचें नेमानें करावयाचें काम त्यानें केलें. म्हणजे तोही कांहीं अंशीं सांवरला होता. आपल्याकडे रात्रीच्या वेळीं मोटारसायकलवरून पडून कपाळास मार लागलेल्या किती तरुणांविषयीं घरची माणसें सांगतात कीं, जखम भरली पण पोरगा पहिला राहिला नाहीं! ऊंसाच्या हंगामांत कारखान्याच्या रस्त्यावर दिवा नसलेल्या गाड्या अंधारांत उभ्या असतात, आणि शिरस्त्राण घरीं खुंटीला. मारानें झालेली इजा रक्ताच्या गुठळीपेक्षां निराळी असते. मेंदू कवटींत मागेंपुढें आपटतो, त्यामुळें मार एका बाजूस आणि चेंदा विरुद्ध बाजूस असेंही होतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच भागांत, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, माळवदाचीं घरें झोंपलेल्या माणसांवर कोसळलीं. वांचलेल्यांत डोक्यास मार लागलेल्यांची संख्या थोडी नव्हती.

परंतु सालीचा मोठा शत्रु मार नव्हे, रक्ताचा अडथळा हा आहे. आपल्या भाषेंत म्हणतात, 'अंगावरून वारें गेलें'. शब्द सुंदर आहे आणि त्यानें फार नुकसान केलें आहे; कारण वारें अंगावरून जातें असें म्हटलें कीं मालिश, शेक, कबुतराचें रक्त चोळणें हे उपाय अंगावरच होतात. विकार अंगांत नाहीं, डोक्यांत आहे. सालीला रक्त पोंचविणारी वाहिनी गुठळीनें तुंबली किंवा फुटली कीं त्या प्रांताच्या पेशी मरूं लागतात. मोठी वाहिनी तुंबली असतां दर मिनिटास सरासरी १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात असा हिशेब २००६ सालीं मांडण्यांत आला. हा केवळ शहरांतील सुखवस्तूंचा रोग आहे अशी समजूत होती, ती आपल्याच राज्यांत खोटी ठरली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें २०११ ते २०१३ या काळांत गडचिरोलींतील ८६ खेड्यांतील मृत्यूंची कारणें तपासलीं. १५९९ मृत्यूंपैकीं २२९ पक्षाघाताचे निघाले. म्हणजे सातांतील एक, आणि दुसरें कोणतेंही एक कारण याहून मोठें नव्हतें. त्यांतील ८७ टक्के माणसें घरींच वारलीं.

गुठळी विरघळविणारें औषध आज उपलब्ध आहे, पण तें पहिल्या साडेचार तासांच्या आंत शिरेंतून द्यावें लागतें, आणि त्याआधीं सी. टी. स्कॅन करून रक्तस्राव नाहीं याची खात्री करावी लागते. कारण गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात व उपाय एकमेकांच्या उलट आहेत. येथें थापटणें चालत नाहीं. कांहीं रोग्यांत मोठ्या वाहिनींतील गुठळी तारेनें ओढून काढतां येते, त्यास थोडा अधिक अवधि मिळतो. तेव्हां तोंड एका बाजूस वांकडें झालें, एक हात वर धरतां येईना, बोलणें बोबडें किंवा भलतेंच झालें, यांतील एकही गोष्ट अकस्मात् दिसली तर प्रथम घड्याळ पाहावें. माणूस झोंपेंतून उठतांनाच तसा दिसला तर तो धड असा शेवटीं केव्हां पाहिला ती वेळ धरावी. तोंडानें पाणी, चहा, गोळी कांहीं देऊं नये. गिळण्याचें कामही बिघडलेलें असूं शकतें आणि घोट श्वासनळींत जातो. १०८ वर दूरध्वनि करावा. ढोकीसारख्या गांवाहून निघतांना जवळचा दवाखाना कोणता हा प्रश्न नसून, रात्रीं-अपरात्रीं स्कॅन आणि हें औषध कोठें मिळतें हा आहे. धाराशिव, लातूर, बार्शी, सोलापूर यांपैकीं कोठें जावयाचें तें ज्यांच्या घरीं रक्तदाबाचा रोगी आहे त्यांनीं आजच विचारून ठेवावें. आणि रक्तदाबाची गोळी 'आतां बरें वाटतें' म्हणून आपल्या मनानें सोडूं नये. पक्षाघाताच्या कारणांत दाबाचा क्रमांक पहिला आहे, आणि दाब वाढला म्हणून बहुधा कांहीं वाटत नसतें.

मेलेली पेशी परत येत नाहीं. तरी माणसें सुधारतात, कारण शेजारचे प्रांत आणि दुसऱ्या बाजूची साल कांहीं काम उचलतात. लहान मुलांत हें अधिक, वृद्धांत कमी. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत वेगानें, पुढें सावकाश, पण वाचेची सुधारणा वर्षांनंतरही चालूं राहिलेली दिसते. त्यास सराव लागतो, आणि वाचाउपचार शिकलेला माणूस तालुक्याच्या गांवीं क्वचितच मिळतो. तेव्हां पुष्कळसें घरच्यांसच करावें लागतें. वाचा गेलेल्याशीं ओरडून बोलूं नये. तो बहिरा नसतो. दूरदर्शन बंद करावें, समोर बसावें, एका वेळीं एकानेंच बोलावें, वाक्य आंखूड ठेवावें. 'काय हवें?' असें विचारण्यापेक्षां 'चहा हवा कीं दूध?' असें विचारावें आणि दोन्ही भांडीं समोर धरावींत. होकार-नकार मानेनें नक्की येतो कीं नाहीं तें एकदां पारखून घ्यावें. पुष्कळांच्या तोंडून 'हो' जाऊन 'नाहीं' निघतें. पाटीवर लिहितां येतें का पाहावें, डाव्या हातानें कां होईना. शब्द जिभेवर येऊन अडला असेल तर तो झटकन् पुरवूं नये. मनांतल्या मनांत दहापर्यंत आंकडे मोजावेत, पहिलें अक्षर द्यावें, आणि पुन्हां थांबावें.